मुका माज

म्हशीविषयी कधी चार ओळी लिहू, असे आम्हांस परवापर्यंत वाटले नव्हते. गायीच्या पोटी आपण तेहतीस कोटी देव वसविले. म्हशीच्या नराकडे मात्र यमराजास पाठीवर घेऊन फिरण्याचे काम सोपविले आणि खुद्द तिचे नाव मंदबुद्धीच्या माणसास उपमा देण्यासाठी राखून ठेवले. कायद्याचीही तीच तऱ्हा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधास बंदी केली; २०१५ मध्ये बैल व वळू यांनाही ते कवच मिळाले; म्हैस त्या कवचाबाहेरच राहिली. आणि तरीही आमच्या घरात सकाळी जो चहा होतो, तो तिच्याच दुधाचा होतो.

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता वसईच्या हद्दीत शिरला, की तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी चिंचोटी लागते. पावसाळ्यात धबधब्यावर जाणाऱ्या तरुण मंडळींस हे नाव ठाऊक असते. इतरांस ते कामण-भिवंडीकडे वळणाऱ्या फाट्यामुळे माहीत असते. येथे आमचे मामा राहतात. थोडी भातशेती, घरामागे गोठा, गोठ्यात तीन म्हशी, असा त्यांचा संसार आहे. मूलबाळ नाही. दिवाळीत आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे जावे, हा आमच्या आईच्या वेळेपासूनचा रिवाज आहे.

या दिवाळीत आम्ही पोहोचलो तो वसुबारसेचा दिवस होता. शेजारच्या घरी गायवासराची पूजा चालली होती आणि मामा आपल्या गोठ्याच्या दारात उभे राहून चंद्रीकडे पाहत होते. चंद्री म्हणजे त्यांची मधली म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून ते नाव.

"भाऊबीज झाली की दलाल येणार आहे," मामा म्हणाले. "गेल्या मार्गशीर्षात व्याली. दूध दोन लिटरांवर आलं, आणि गाभ धरायचं नाव नाही. भाकडीला किती दिवस वैरण घालू, तूच सांग."

आम्हांस सांगण्यासारखे काहीच नव्हते. मामा निर्दय नाहीत. पण पेंडीचा भाव माणसाच्या दयेकडे पाहून ठरत नाही. शिवाय मुंबईच्या आसपासच्या तबेल्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्या हीच आहे. गुजरातेतून, हरियाणातून ताजी व्यालेली म्हैस आणावी, दूध देते तोवर ठेवावी, आटली की विकावी आणि तिच्या जागी दुसरी आणावी. शहरातील तबेले हलवावेत म्हणून १९४९ मध्ये गोरेगावास आरे वसाहत उभी राहिली. तबेल्यांची जागा बदलली, रीत पुष्कळशी तीच राहिली. त्या रीतीत म्हशीने पुन्हा आई व्हावे याची कोणास निकड नसते. मामांसारख्या तीन म्हशींच्या धन्यास ती असते. कारण नवी म्हैस घेण्याइतका पैसा त्याच्या गाठी नसतो.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीस, थोरल्या म्हशीच्या सडास सूज होती म्हणून डॉक्टरीणबाई आल्या. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. हे महाविद्यालय १८८६ पासून चालत आलेले आहे. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांच्या स्वप्नातही अशी विद्यार्थिनी आली नसेल. सडाचे काम आटोपून त्या निघाल्या, तेव्हा मामांनी सहज चंद्रीची गोष्ट काढली.

"हिला भाकड कोणी ठरवलं, काका?" त्यांनी विचारले.

"ठरवायचं काय? दहा महिन्यांत एकदा माजावर आलेली दिसली नाही."

"दिसली नाही, हे खरं. आली नाही, हे कशावरून?"

मामा निरुत्तर झाले. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढविला, चंद्रीची आतून तपासणी केली आणि सांगितले की गर्भाशय निरोगी आहे, बीजकोशावर पीतपिंड हातास लागतो. म्हणजे काही दिवसांपूर्वीच ही माजावर येऊन गेली आहे. मग ओट्यावर बसून चहा घेता घेता त्यांनी जे समजावून दिले, त्याने आमचे पुष्कळ अज्ञान दूर झाले.

गाय माजावर आली की आरडाओरडा करते, दुसऱ्या जनावरांवर उडते; सारी आळी जागी होते. म्हशीचा स्वभाव निराळा. तीही दर एकवीस दिवसांच्या सुमारास माजावर येते, पण बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि तेही इतक्या निमूटपणे की धनी झोपेत असताना सारे होऊन जाते. यास पशुवैद्यकात 'मुका माज' असे नाव आहे. उन्हाळ्यात तो अधिकच मुका होतो. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढू लागली, की तिच्या शरीरातील रसायनांना जाग येते. म्हणून आश्विनापासून माघापर्यंतचा काळ तिला फळण्यास उत्तम. त्यातून खाण्यात क्षार कमी पडले, पोटात जंत झाले, की तोही माज क्षीण होतो. एक माज हुकला म्हणजे धन्याचे एकवीस दिवसांचे खाणे फुकट गेले; असे पाचसहा हुकले की म्हशीवर भाकडपणाचा शिक्का बसतो.

"आता पुढचा माज कधी येणार, हे कसं कळावं?" आम्ही विचारले.

इतका वेळ मामी दाराआड उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेऊन आल्या. तिच्या चौकोनांत रोजच्या दुधाचा हिशेब त्यांच्या बारीक अक्षरात मांडलेला होता, आणि मधूनमधून एखाद्या तारखेस फुली होती.

"त्या दिवशी चंद्रीनं पान्हा चोरला," मामी म्हणाल्या. "वैरणीला तोंड लावत नाही, थोडं थोडं मुतते, आणि रात्री एकदोनदा हुंकारते. दूध कमी पडलं म्हणून मी आपली फुली मारते."

डॉक्टरीणबाईंनी फुल्या मोजल्या. श्रावणापासून चार होत्या. एकीपासून दुसरी कुठे वीस, कुठे एकवीस, कुठे बावीस दिवसांवर. शेवटची पंधरा दिवसांपूर्वीची होती. त्यांनी दिनदर्शिका मामांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "काका, संशोधन म्हणतात ते हेच. तुमच्या घरात ते चालू होतं."

या शास्त्राची वाटचाल मोठी आहे. आपल्या देशात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत झाला. १९४३ मध्ये अलाहाबादेस त्या मार्गाने म्हशीचे पहिले पारडू जन्मले. १९४९ मध्ये इंग्लंडात ग्लिसरिनच्या साहाय्याने रेत गोठवून जिवंत ठेवण्याची युक्ती सापडली. आज ते द्रवरूप नत्रवायूत, शून्याखाली १९६ अंशांवर, वर्षानुवर्षे टिकते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापिलेल्या संस्थेने ही विद्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. कर्नालच्या संस्थेत १९९० मध्ये काचपात्रात फलित झालेल्या बीजापासून 'प्रथम' नावाचे पारडू झाले आणि २००९ मध्ये तेथेच 'गरिमा' ही प्रतिरूप पारडी जन्मली. परंतु या साऱ्या विद्येस अखेर गोठ्यातील एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबावे लागते : आज ही माजावर आहे काय? त्याचे उत्तर जागरण करणाऱ्यासच देता येते.

मामांनी आणखी एक शंका काढली. "आणि दोष रेतातच असला तर?"

"तो आधीच पाहिलेला असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रेताची प्रत्येक खेप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, रेड्याला रोग नाही ना हे पाहतात. पहिली परीक्षा नराची. कारण एका रेड्यापासून हजारो म्हशी फळायच्या असतात."

मामी कपबशा गोळा करीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जनावराचं बरं आहे."

कोणीच काही बोलले नाही. मामींच्या लग्नास चाळीस वर्षे होऊन गेली. या काळात त्यांनी किती नवस केले, किती दवाखाने पाहिले, किती बारशांना त्यांस बोलावणे आले नाही, हे आमच्या घरात सर्वांस ठाऊक आहे. त्या सर्व दवाखान्यांत मामा बाहेरच्या बाकावर बसून राहिले, हेही ठाऊक आहे. त्यांस आत या, असे कोणी म्हटले नाही. आमच्या आईनेही नाही, आणि जाणते झाल्यावर आम्हीही नाही. मामा दिनदर्शिका हाती धरून फुल्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

त्या रात्रीपासून गोठ्यात जागरण सुरू झाले. पहिल्या रात्री मामी एकट्या होत्या. दुसऱ्या रात्री मामांनी आपली घोंगडी तेथे नेली. पाडव्याची रात्र कोरडी गेली. भाऊबीजेच्या रात्री तीनच्या सुमारास मामांनी आम्हांस हाक मारली. कंदील घेऊन गेलो तो चंद्री शेपटी किंचित उचलून उभी होती आणि काचेसारखा स्वच्छ, लांब सोट लोंबत होता. एकदा ती खालच्या आवाजात हुंकारली. शेजारच्या म्हशीने मानही वळविली नाही.

सकाळी आठास दलाल आला. त्याने नोटा मोजून ओट्यावर ठेवल्या. पहाटे माज दिसला तर रेतन संध्याकाळी करावे असा दंडक आहे; डॉक्टरीणबाई पाचास येणार होत्या. पहिल्याच खेपेस गाभ राहण्याचा संभव निम्म्याहून कमी, हेही त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले होते. मामांनी नोटांकडे पाहिले, मग मामींकडे पाहून विचारले, "काय करू?"

मामांनी अशा व्यवहारात मामींस विचारलेले आम्ही प्रथमच ऐकले.

"ठेवा," मामी म्हणाल्या. "नाही राहिला गाभ, तरी ठेवा."

दलाल नोटा उचलून निघून गेला. संध्याकाळी रेतन झाले.

पुढे कार्तिक वद्य अष्टमीच्या सुमारास मामांचा फोन आला : एकवीस दिवस झाले, दोघे तीन रात्री जागलो, काही दिसले नाही. आम्ही फार हर्ष दाखविला नाही. 'दिसले नाही' या शब्दांचा धडा नुकताच मिळाला होता. संक्रांतीनंतर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासणी केली आणि चंद्री गाभण असल्याचे सांगितले. म्हैस दहा महिन्यांहून थोडे अधिक दिवस गाभण राहते; तेव्हा श्रावणात ती विईल.

परवा आम्ही चिंचोटीस जाऊन आलो. नव्या वर्षाची दिनदर्शिका त्याच खिळ्यावर आहे. दुधाचा हिशेब आता दोन हस्ताक्षरांत असतो. फुली कोठेही नाही.