मेलेल्या पाइपचं काम

रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी लवकर सुरू होत नाही. स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी थकते. एकदा इंजिन लागलं की दिवसभर तशी तक्रार नसते, पण माल भरून चढाला लागलं की मधेच दम तुटतो. आणि खाली जमिनीवर डिझेलचा एक थेंबही नाही. मालेगावच्या हायवेवरच्या गॅरेजात अशी गाडी आली की मिस्त्री इंजिनाला हात लावत नाहीत. ते चेसीखाली सरकतात, एकेक पाइप हाताने चाचपत पुढे जातात आणि तिथूनच ड्रायव्हरला विचारतात, "या गाडीला आधी दुसरी टाकी होती का?"

बहुतेक वेळा होती.

मालेगाव मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलं. या रस्त्याने महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात आणि पुढे उत्तरेला माल जातो. डिझेलवरचा कर प्रत्येक राज्यात वेगळा, म्हणून भावही वेगळा. लांब पल्ल्याच्या मालकाला वाटतं, स्वस्त पंपावर भरून घ्यावं आणि महाग मुलूख त्याच्यावर काढावा. मग क्लीनर साइडला दुसरी टाकी बसते. दोन्ही टाक्यांचे पाइप एका टी-जॉइंटवर किंवा कॉकवर मिळतात आणि तिथून एकच पाइप फीड पंपाकडे जातो. काही वर्षांनी गाडी विकली जाते. नव्या मालकाला उमराण्याहून कांदा उचलायचा असतो, नाहीतर यंत्रमागाच्या कापडाचे तागे भिवंडीला टाकायचे असतात. त्याला दुसऱ्या टाकीचं ओझं नको असतं. पट्ट्यांचे नट सुटतात, टाकी खाली उतरते आणि भंगारात जाते. तिच्याकडे जाणारे पाइप मात्र चेसीला तसेच बिलगून राहतात.

मुळात अशी टाकी बसवणं हाच गाडीतला बदल असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. एमएच ४१ ही मालेगावची पाटी. त्या पाटीच्या किती गाड्या अशा बदलातून गेल्या, हे मिस्त्रींना ठाऊक नाही. त्यांच्यासमोर येतं ते बदल करून पुन्हा उलटवलेल्या गाडीचं उरलेलं शेपूट. ते नीट बंद करणं हे त्यांचं काम, आणि या कामाला कोणी काम समजत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. गाडी देताना मालक म्हणतो, "जरा डमी मारून टाका."

डमी म्हणजे पाइपच्या किंवा जॉइंटच्या उघड्या तोंडात बसवायचा भरीव बोल्ट. बाजारात तो अगदी किरकोळ किमतीला मिळतो. पण तो कुठे मारायचा, कुठे मारायचाच नाही आणि मारण्याआधी काय करायचं, हे समजायला मिस्त्रींची उमेदवारीची सगळी वर्षं गेली.

डिझेलच्या वाटा तीन प्रकारच्या. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो ती पहिली. पंपाने ढकललेलं डिझेल फिल्टरमधून पुढे जातं ती दुसरी. पंप आणि इंजेक्टर यांच्याकडून उरलेलं डिझेल टाकीत परत येतं ती तिसरी, ओव्हरफ्लोची. दाबाच्या बाजूला जॉइंट सैल राहिला तर डिझेल बाहेर येतं. डाग पडतो, धूळ चिकटते, वास येतो. लहान पोरालाही कळतं. ओढीच्या बाजूला उलटं घडतं. तिथे पाइपच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. गाडीखाली सगळं कोरडं आणि इंजिन उपाशी. ड्रायव्हर म्हणतात, "गाडी एअर पकडते." रात्री गाडी उभी असताना त्याच फटीतून हवा आत येते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळी पहिला स्टार्ट जड जातो.

तिसरी वाट कधीच बुजवायची नाही. एखाद्या गाडीत जुन्या मिस्त्रीने ओव्हरफ्लो दुसऱ्या टाकीत सोडलेला असतो. टाकी निघाली की तो पाइपही बेकार समजून कोणीतरी बंद करतो. मग इंजेक्टरमधून उरलेल्या डिझेलला जागा राहत नाही, नोझलच्या सुईमागे दाब साचतो, सुई नीट उचलत नाही आणि सिलिंडर मिस होऊ लागतो. मालक नवे नोझल घालतो. पैसे जातात, रोग तिथेच. तो पाइप शोधून मूळ टाकीपर्यंत परत न्यायचा, एवढाच त्यावर इलाज.

पहिल्या वाटेचा धडा मिस्त्रींना राहुड घाटात मिळाला. तेव्हा ते उस्तादांच्या हाताखाली होते, वय विशीच्या आत. एका ट्रकची दुसरी टाकी उतरवली होती. टी-जॉइंटच्या मोकळ्या तोंडात त्यांनी मापाचा नसलेला बोल्ट घातला, त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, वर तार आवळली. इंजिन चालू करून पाहिलं, गळती नव्हती. सहा दिवस गाडी चालली. सातव्या रात्री भरलेल्या गाडीने चांदवडजवळच्या त्या चढावर दम सोडला. क्लीनरने चाकांमागे दगड लावले आणि ड्रायव्हर पहाटेपर्यंत हँड प्रायमर मारत बसला. कोणाला इजा झाली नाही. सकाळी उस्ताद त्यांना स्कूटरवर मागे बसवून तिथे घेऊन गेले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझ्या हाताने काढ." ट्यूबचा तुकडा डिझेल पिऊन फुगला होता, बोटाने दाबला तर गुळाच्या पाकासारखा चिकटत होता. तो स्पर्श अजून त्यांच्या बोटांत आहे.

तेव्हापासून त्यांचा पहिला प्रयत्न डमी टाळण्याचाच असतो. टी-जॉइंट पूर्ण काढून टाकायचा आणि टाकीपासून फीड पंपापर्यंत कंपनीने दिला होता तसा सलग पाइप घालायचा. जो जॉइंटच नाही, तो हवा कुठून घेणार? जागा अडचणीची असेल किंवा सुटा भाग मिळत नसेल, तेव्हाच डमी. तीही टी-जॉइंटला चिकटून. वीतभर मेलेला पाइप मध्ये ठेवून त्याच्या टोकाला नाही.

आट्यांच्या मापाचा बोल्ट आणि त्याखाली तांब्याचा वायसर, एवढं पुरतं. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, दुसऱ्यांदा आवळलं तर फटीत बसत नाही. नवा वायसर हाताशी नसेल तर मिस्त्री जुनाच स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात टाकतात. लोखंड असं केल्याने कडक होऊ शकतं, तांबं मात्र मऊ पडतं. हे त्यांना उस्तादांनी दाखवलं. हाताखालच्या पोराला ते आज तसंच दाखवतात, आणि दरवेळी त्याला तो वायसर थंड झाल्यावर नखाने दाबून बघायला लावतात.

दोऱ्यासारखी गुंडाळायची पांढरी टेप ते डिझेलच्या आट्यांना लावत नाहीत. तिची कुसळं सुटून पुढे जातात. जुन्या टाटाच्या ६९७ इंजिनावरच्या पंपात प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट काही थोड्या मायक्रॉनचीच असते, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. बॉशने असे पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. १९५१ मध्ये बेंगळुरूला बॉशशी जोडलेली मायको कंपनी उभी राहिली आणि पुढे तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना नाशिकला आला. नाशिकचं मायको सर्कल त्याच कारखान्याच्या नावाने ओळखलं जातं. इतक्या निगुतीने घासलेल्या वस्तूकडे जाणाऱ्या वाटेत आपण चिंधी, टेप, ट्यूब कोंबावी, याची मिस्त्रींना लाज वाटते. रस्त्यात टाकीला भेग पडली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासून गळती थांबवणं त्यांना मान्य आहे. साबण डिझेलमध्ये सहज विरघळत नाही आणि गाडी गॅरेजपर्यंत येते. पण गॅरेजात आल्यावर तो साबण निघालाच पाहिजे.

मेलेला पाइप चेसीवर ठेवावाच लागला, तर दोन्ही तोंडं बंद करण्याआधी तो पूर्ण रिकामा करायचा. पाइप काठोकाठ भरलेला असताना दोन्हीकडे डमी मारली, तर उन्हाने तापून डिझेल फुगतं आणि सगळ्यात कच्च्या जागेतून वाट काढतं. मालेगावच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनांक निदान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो, म्हणजे भर उन्हाळ्यात उघड्यावर पाझरलेल्या डिझेलची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. म्हणून टाकीजवळच्या पाइपचं तोंड वेल्डिंगने बुजवायला मिस्त्री साफ नकार देतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घात करते, कारण तिच्यात वाफ असते.

डिझेल खरं डिझेल आहे का, हेही पाहावं लागतं. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ. ते बारीक फटीतून लवकर पाझरतं आणि पंपाला लागणारं वंगणही त्यात कमी. या भागात ही गोष्ट निव्वळ यंत्राची राहिलेली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीला भेसळ करणाऱ्यांना हटकलं आणि सोनवणे यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. त्या दिवसाची आठवण निघाली की गॅरेजातला पाना थांबतो. फिल्टरच्या वाटीत निळसर झाक किंवा परका वास आला, तर मिस्त्री मालकाला तोंडावर सांगतात, मग गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

पाइपचं तोंड बंद केलं आणि पुढच्या माणसाला सांगितलं नाही, तर काय होतं याचा मोठा दाखला उत्तर समुद्रात आहे. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडपासून दूर पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी पाइपच्या तोंडावर झाकण लावलं होतं. रात्रीच्या पाळीला त्याचा कागद दिसला नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हाच चालू केला. झाकण गळतीरोधक बसलेलं नव्हतं, असं लॉर्ड कलन यांच्या चौकशीने नोंदवलं. स्फोटात आणि आगीत १६७ माणसं गेली. तिथेही कोणीतरी डमीच मारली होती.

मिस्त्री डमीच्या मानेला पत्र्याची बारीक पट्टी तारेने बांधतात. तिच्यावर पंचने ठोकून तारीख आणि एकच शब्द लिहितात, 'बंद'. या रस्त्यावरून इंदूरचा, पंजाबचा, मालेगावचाच उर्दू बोलणारा, असे सगळे ड्रायव्हर जातात. बोली वेगवेगळी असली, तरी हा शब्द सगळ्यांना एकच कळतो.

२०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना तिथला युनियन सैल केला, तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. त्या गाडीची वाट बदलण्याचा आग्रह कोणी धरला, तर मिस्त्री हात जोडतात आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवतात.

जुन्या गाडीची परीक्षा मात्र ते स्वतः घेतात. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा लावतात, हँड प्रायमर मारून हवा काढतात आणि गाडी रात्रभर तशीच ठेवतात. सकाळी गिरणा नदीवरून गार वारा येत असतो. ड्रायव्हर किल्ली फिरवतो आणि इंजिन पहिल्याच फिरकीत लागतं. ड्रायव्हर हसतो. मिस्त्री टॉर्च घेऊन खालीच असतात, नळीकडे पाहत. दहा मिनिटं, एकही बुडबुडा नाही. मग ते इंजिन बंद करायला सांगतात, पारदर्शक नळी सोडवून मूळ पाइप जागेवर बसवतात, कारण ती नळीही या गाडीची नाही, आणि नव्याने आवळलेल्या त्या जॉइंटसाठी पोराला पुन्हा हँड प्रायमर मारायला सांगतात.