सोबत जोडले आहे

नेताजीनगरातल्या मामाच्या क्वार्टरचा नंबर मला अजून पाठ आहे. आता तो कुठल्याच भिंतीवर नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भिकाजी कामा प्लेसच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर आले, विचारत विचारत चालत गेले आणि पत्र्याच्या उंच कुंपणापाशी थांबले. आत एकावर एक चढत गेलेले मजले होते. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "किससे मिलना है?" ज्याला भेटायचं होतं तो 1986 साली गेला. हे त्या पोराला काय सांगणार? मी मागे फिरले.

कुंपणाच्या कडेला एक काटेसावर मात्र उभी होती. मामाच्या दारातली ती हीच का, हे ठरवायला आजूबाजूला एकही जुनी खूण उरली नव्हती. झाडावर पान नव्हतं, नुसती लाल, जाड पाकळ्यांची फुलं. फुटपाथवर त्यांचा सडा पडला होता आणि येणारे-जाणारे त्यावरून चालत होते. तुडवलं न गेलेलं एक फूल उचलून मी पर्समध्ये ठेवलं.

1950 च्या दशकात दिल्लीच्या दक्षिणेला सरकारी नोकरांसाठी ज्या वसाहती उठल्या, त्यांतली ही एक. दुमजली घरं, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे गल्ली, आणि घरांपेक्षा उंच झाडं. 2016 साली अशा सात वसाहती पाडून नव्यानं बांधायचा निर्णय झाला. 2018 च्या जूनमध्ये झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा दिल्लीकर बुंध्यांना मिठ्या मारून उभे राहिले आणि उच्च न्यायालयानं तोड थांबवली. ती बातमी मी पुण्यात वाचली होती. फोटोतल्या झाडांमध्ये मी आमचं झाड शोधत बसले होते.

मामेबहीण आता नोएडात राहते. मी येणार म्हटल्यावर तिनं यादी करून ठेवली होती. लाल किल्ला, कुतुब, हुमायूनची कबर हे सगळं पाहून झालेलं आहे, तर या वेळी सुंदर नर्सरी पाहू, प्रगती मैदानावरचा नवा भारत मंडपम पाहू. प्रगती मैदान म्हटल्यावर मला मामाच आठवला. एका दिवाळीनंतर तिथल्या जत्रेला त्यानं आम्हाला नेलं होतं आणि 'हॉल ऑफ नेशन्स'च्या आत मधोमध उभं करून म्हणाला होता, "वर बघा. एवढं छप्पर आणि मध्ये एकही खांब नाही." राज रेवल यांनी रचलेली, 1972 सालची ती इमारत, सिमेंटच्या दांड्यांची त्रिकोणी वीण आकाशापर्यंत गेल्यासारखी वाटायची. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत ती पाडली. मामानं बोट करून दाखवलेली दिल्ली अशी एकेक करून जात होती. बहिणीला म्हटलं, यादी राहू दे. मला गुरुवारी फिरोजशाह कोटल्याला जायचंय.

"क्रिकेटला?" तिनं विचारलं. तिला आठवत नव्हतं. तेव्हा ती लहान होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी झेलम एक्सप्रेसनं दिल्लीला जायची. बाकी सगळ्या दिवसावर ऊन आणि झोप पसरलेली असायची. माझ्यासाठी दिल्ली सुरू व्हायची ती संध्याकाळी साडेसहाला. मामी अंगणात पाणी शिंपडायची आणि तापलेल्या मातीचा वास घरभर यायचा. मामा कचेरीतून येऊन, हातपाय धुऊन, बनियन-लेंग्यावर सावरीखाली खुर्ची टाकून बसायचा. समोर स्टूल, त्यावर फुलस्केप कागद, मध्ये कार्बन. आणि मग माणसं यायची. पलीकडच्या गल्लीतला ड्रायव्हर, दवाखान्यातली आया, शेजारच्या सरदारजींची विधवा वहिनी, भाजीवाला. "बाबूजी, एक अर्ज़ी लिख दो."

साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस तिशीच्या आत दिल्लीत कारकून झाला आणि कारकूनच राहिला. पण अर्ज लिहावा तर त्यानं. हिंदी, इंग्रजी आणि गावाकडून पत्र आलं तर मराठी. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा. रडणं, शिव्या, नशीब, सासू, सगळं. टोपण काढलेलं पेन हातात तसंच धरून ठेवायचा. ते माणूस गप्प झालं की विचारायचा, "तारीख कौन-सी थी?" मग पहिली ओळ उतरायची.

मला तो शिकवायचा. "अर्जात रडायचं नाही, बाळ. रडणं खरं असतं, पण वाचणाऱ्याला त्याचा नंबर लावता येत नाही. तारीख, क्रमांक, मागणी. मागणी एकच ठेवायची. आणि खाली 'सोबत' लिहायचं, जे जोडलं असेल ते. जोडलं नसेल तर अर्ज पांगळा." कार्बनची प्रत तो न विसरता त्या माणसाच्या हातात द्यायचा. "यह सँभालके रखना." वरून सावरीचा कापूस गळत असायचा. मे महिन्यात बोंडं तडकली की अंगणभर पांढरं भुरभुर उडायचं, कागदावर येऊन बसायचं. मामा फुंकर मारून ते उडवायचा आणि पुढची ओळ लिहायचा. मामी तोच कापूस वेचून, सरकी काढून उशा भरायची.

आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीचा नवरा घर सोडून गेला होता. मामानं तिच्यासाठी दोन वर्षांत सहा अर्ज लिहिले. कुठूनच उत्तर नाही. एका बुधवारी ती आली आणि म्हणाली, आता कोटल्याला देऊन बघते, तिथेही अर्जच द्यायचा असतो. मामा हसला नाही. नवा कागद घेतला, 'प्रति' लिहिलं आणि विचारलं, "नाम?" ती म्हणाली, "लाटवाले बाबा." मामानं तेवढ्याच नीट अक्षरात ते लिहिलं. खाली नवऱ्याचं नाव, वय, गेल्याची तारीख, मागणी एक. सोबत : छायाचित्राची प्रत. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मामानं एखादं काम इतकं मनापासून केलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

मामा नोकरीत असतानाच गेला. क्वार्टर सोडायची मुदत आली तेव्हा बहिणीची बारावीची परीक्षा दीड महिन्यावर होती. अर्ज मी लिहिला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. त्याच खुर्चीत बसून, त्याच पेनानं. दोन पानं लिहिली. त्यात मामाची सव्वीस वर्षांची नोकरी होती, मामीची तब्येत होती, त्यानं कॉलनीसाठी काय काय केलं ते होतं. मी अर्जात रडले. आणि परीक्षेचं वेळापत्रक जोडायला विसरले. एका कार्यालयातून एका वाक्याचं उत्तर आलं : विनंती मान्य करता येत नाही. बहिणीनं परीक्षा मुनीरकातल्या भाड्याच्या खोलीतून दिली. वेळापत्रक जोडलं असतं तर, हा प्रश्न मी इतकी वर्षं कुणालाही विचारलेला नाही. त्या एका वाक्यावरचा राग मात्र माझा अजून गेलेला नाही.

गुरुवारी दुपारी कोटल्याला गेले. एका अंगाला क्रिकेटचं मैदान, समोर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचा रस्ता आणि मध्ये फिरोजशाह तुघलकानं 1354 मध्ये वसवलेल्या फिरोजाबादचे पडके अवशेष. सगळ्यात उंच चौथऱ्यावर तो खांब. इथली माणसं त्याला लाट म्हणतात. मूळचा अशोकाचा, अंबाल्याकडच्या तोपरा गावचा. तो कसा आणला हे इतिहासकार शम्स सिराज अफीफनं लिहून ठेवलंय. मुळाशी खणल्यावर खांब आडवा पडताना मोडू नये म्हणून सभोवती सावरीच्या कापसाची गादी रचली होती. मग 42 चाकांच्या गाड्यावरून यमुनेपर्यंत, आणि पुढे होड्यांवरून दिल्लीला. सुमारे 13 मीटरांचा तो दगड कापसावर अलगद टेकला असेल, हे वाचताना मला मामीच्या उशा आठवल्या होत्या.

त्यावरचं लिखाण फिरोजशाहच्या पंडितांना वाचता आलं नाही. ते 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपनं लावलं. अशोकाचा सातवा स्तंभलेख फक्त याच एका खांबावर आहे. त्यात राजा सांगतो की रस्त्यांच्या कडेला त्यानं वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. आमराया लावल्या, आठ-आठ कोसांवर विहिरी खणल्या. कुंपणाबाहेरची सावर पाहून मी दोन दिवसांपूर्वीच आले होते. दिल्लीतला इतका जुना सरकारी कागद सावलीविषयी आहे, आणि तो दगडावर आहे.

त्या लाटेत जिन राहतात असं लोक मानतात आणि त्यांच्याकडे अर्ज घेऊन येतात. आणीबाणीत जुन्या दिल्लीतली घरं पाडली गेली, त्यानंतर इथली गर्दी वाढली, असं या जागेचा अभ्यास करणारे सांगतात. मुसलमान, हिंदू, शीख, सगळे. खालच्या अंधाऱ्या कमानींत उदबत्त्यांचा धूर, मेणबत्त्यांनी काळवंडलेले कोनाडे, आणि कोनाड्याकोनाड्यांत कागद. वहीचे फाडलेले, झेरॉक्स काढलेले, फोटो चिकटवलेले. एकाच अर्जाच्या पाच-सहा प्रती काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात, खात्याखात्यांत द्याव्यात तशा. मी एकही वाचला नाही. दुरून दिसली ती मांडणी. वर नाव, मध्ये मजकूर, खाली पत्ता. ती मांडणी मला ओळखीची होती.

एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. माझ्या हातातलं पेन पाहून म्हणाली, "बेटी, लिख दोगी?" मी तिच्याजवळ खाली बसले. ती मुलीविषयी बोलत राहिली. माझं पेन उघडं, हातात तसंच. ती थांबली तेव्हा मी विचारलं, "तारीख कौन-सी थी?" माझाच आवाज मला मामाचा वाटला. मागणी एकच लिहिली. तिनं रडत रडत सांगितलेलं मात्र मी या वेळी गाळलं नाही. दोन ओळी ठेवल्या. इथे त्याचा नंबर लावणारं कुणीतरी असेल, असं मला त्या धुरात मनापासून वाटलं.

तिचा कागद झाल्यावर मी आणखी एक घेतला. वर मामाचं नाव लिहिलं. मधली जागा बराच वेळ कोरीच राहिली, ती तशीच सोडली. खाली पत्ता : क्वार्टर नंबर, नेताजीनगर, नवी दिल्ली. मग 'सोबत' लिहिलं आणि पर्समधलं फूल कागदात ठेवून घडी घातली.

म्हातारी पाहत होती. "माँगा क्या?"

"कुछ नहीं. बस पता लिखा है."

"पूरा लिखा ना?" ती काळजीनं म्हणाली. "पता अधूरा हो तो बाबा घर कैसे ढूँढेंगे?"

मी घडी उलगडून पुन्हा एकदा पाहिलं. नंबर, गल्ली, नगर.

"पूरा लिखा है," मी म्हटलं.