आपल्या नळाचं माहेर

मैत्रिणींनो, गिरगावातल्या आमच्या चाळीत पाणी येतं पहाटे. नळ खळखळला, की हंडे-कळशा-बादल्यांची जी धांदल उडते, ती तुम्हाला मी काय सांगावी! अशाच एका सकाळी धाकट्याने विचारलं, "आई, हे पाणी येतं कुठून?" मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. ऐटीत सांगितलं, "मलबार हिलवरून. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली मोठा जलाशय आहे." "आणि तिथे कुठून येतं?" तेव्हाच ठरवलं, मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना नळाचं माहेर दाखवायचं.

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. विहार आणि तुळशी मुंबईतल्याच राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात. बाकीचे दूर डोंगरांत. त्यांत सर्वांत मोठा भातसा, शहापूर तालुक्यातला. आम्ही निवडला त्याच तालुक्यातला तानसा, १८९२ साली बांधून झालेला. धरणाकडे जायला महापालिकेची परवानगी लागते; ते काम ह्यांनी आधीच उरकलं होतं.

सकाळची कसारा लोकल पकडली. आसनगावच्या पुढचं स्टेशन आटगाव. तिथे उतरून रिक्षा केली. सागाचं जंगल, लाल माती, आणि मध्येच दिसणारे प्रचंड नळ. माणूस आत उभा राहील एवढे! "हे आपल्याकडे चाललेत," असं सांगितल्यावर मुलांनी त्यांना चक्क हात हलवून टाटा केला. धरणाची लांबच लांब दगडी भिंत आणि उन्हात चकाकणारं पाणी पाहून तर दोघंही गप्पच झाली.

परतताना आमचं पाणी संपलं. एका पाड्यापाशी एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन येत होती. मी पाणी मागितलं. तिने हंडे उतरवले आणि म्हणाली, "घ्या ना ताई, पोरांना आधी पाजा." मुलं पोटभर प्यायली. मग बोलता बोलता कळलं, की पाड्याची विहीर आटली होती. टँकर आला तर आला, नाहीतर दूरच्या झऱ्यावर खेपा. रात्रीची उठून ती हे पाणी घेऊन आली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात धाकट्याचा प्रश्न, "आई, एवढा मोठा नळ इथून जातो, मग काकू झऱ्यावर का जातात?" इथे पाऊस भरपूर पडतो, पण खालचा कातळ तो धरून ठेवत नाही, धरणात साठतं ते शहराकडे जातं, हे सारं भूगोलातलं उत्तर मला येत होतं. तिच्यासमोर ते देता मात्र आलं नाही.

तरीही सांगते, मुलांना घेऊन जरूर जा. दसऱ्यानंतर संक्रांतीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. आसनगावला उतरलात, तर मानस मंदिर आणि माहुली किल्ल्याचा पायथा एका दिवसात होतो. शहाजीराजे, जिजाबाई आणि बाल शिवाजी १६३६ च्या सुमारास याच गडावर होते, हे मुलांना गडाकडे बोट दाखवून सांगा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी न्या. उन्हाने विटत नाहीत. कागद-पिशव्या परत आणा.

आणि पाणी घरूनच न्या, माणशी दोन बाटल्या, शिवाय एक जास्तीची. तिथल्या बाईकडे मागू नका. ती नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागू नका.

आता आमच्याकडे शिळं म्हणून पाणी ओतून देत नाहीत. परवा माझा हात मोरीकडे गेला, तर धाकटाच म्हणाला, "आई, त्या काकूंचं आहे ते!" मी कळशी परत जागेवर ठेवली.