पंधरा ऑक्टोबरच्या आधी

ओझर
दसरा उलटल्यावर

प्रिय ठमे,

जेवताना तू इतकं सहज बोललीस, की वाढणाऱ्या काकूचंही लक्ष गेलं नाही. "नाना, ती उद्दिष्टांची बैठक आम्ही या वेळी टाकली. ऑर्डरीच नाहीत, तर ठरवायचं काय?" आणि लगेच श्रीखंडाची वाटी पुढे केलीस. चार पाहुण्यांत मी गप्प बसलो, पण ते वाक्य काही पचलं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो नाना, हो नाना" करून मला गुंडाळतेस.

तुझा प्रश्न एवढाच होता, की ही बैठक दर महिन्याला ठेवावी की तीन महिन्यांनी. तीन महिन्यांनी ठेव. झालं उत्तर. आता माझं ऐक.

धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी पाणीवाटपाची बैठक कोणालाच नको असते. दोन तास गप्पा, चहा, सह्या, चला घरी. तिची गरज लागते ती धरण निम्मं भरलेल्या वर्षी. तू बरोबर उलटं केलंस. ऑर्डरी भरपूर होत्या तेव्हा रंगीत तक्ते, प्रत्येकाचं उद्दिष्ट, वर पेढे; आणि ओढ लागल्याबरोबर बैठकच बंद! अगं, ऑर्डरी कमी आहेत म्हणजेच कोणतं काम आधी, कोणतं सोडायचं आणि तोटा कोणी किती सोसायचा हे ठरवायची वेळ आली आहे. ते चौघांत ठरलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्यापुरतं ठरतं. तुमच्याकडे कोणाचा आवाज मोठा, हे मी लिहायला हवं का?

वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटाला आपलं ओझर. पाणी कागदावर यायचं, शेतात यायचं नाही. वरचे म्हणायचे, आम्ही काय करणार. पाटबंधारे खातं म्हणायचं, सोडलं होतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातून गावोगाव बैठका घेतल्या, आणि 1990-91 च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे वाघाडवर अशा चोवीस संस्था झाल्या, आणि 2003 च्या आसपास त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्थाही झाली. हे तुला पाठ आहे, ठाऊक आहे मला. पण पाठ असणं वेगळं.

आम्हाला वर्षानुवर्षं एकत्र बसायला लावलं ते कोणाच्या भाषणानं नव्हे. एक तर तारीख ठरलेली. पावसाळा संपला की पंधरा ऑक्टोबरचा साठा धरायचा. त्या आकड्याशी भांडता येत नाही. त्यातून संस्थेचा कोटा निघतो. सभासदांचे अर्ज आले की मागणी आणि कोटा शेजारी शेजारी मांडायचे, आणि मधली तूट सगळ्यांच्या देखत वाचायची. खरी बैठक तिथून सुरू होते. कोणी म्हणतो माझी बाग फुटव्यावर आहे, कोणी म्हणतो माझा कांदा लागून गेला. मग आवर्तनं किती, कोणत्या चारीला किती तास, ते ठरतं आणि ठराव वहीत उतरतो. खात्याकडून पाणी घनमीटरवर मोजून मिळतं, त्यामुळे प्रत्येक आवर्तनानंतर ठरवलेलं आणि वापरलेलं ताडून पाहता येतं. पीक कोणतं घ्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं. संस्था फक्त पाण्याचं बोलते.

आता तुझा तक्ता आठव. सतरा रकाने, आणि तूट कुठे लिहायची? जागाच नाही. सगळं "साध्य करू, वाढवू, उंचावू". असल्या कागदाचा माणसांना कंटाळा येणारच. तुझी पोरं वैतागली म्हणतेस, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

शिवाय एकत्र बसून ठरवायची ही रीत तुमच्या व्यवस्थापनवाल्यांनी काढली असं समजू नकोस. ड्रकरनं उद्दिष्टांनी कारभार चालवायचं पुस्तक लिहिलं 1954 साली. आपल्या बागलाणात मोसमच्या काठी आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर फडाची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. शिवाराचे फड पाडायचे, यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पुढल्या वर्षी फिरवायचं. बंधाऱ्याला पाणी कमी दिसलं तर फड कमी भिजवायचे, पण बसायचं सगळ्यांनीच. तुला एकदा तिकडे नेणार होतो, तुझी बारावी आडवी आली.

एक गोष्ट मात्र उचल. पाणी द्यायला सुरुवात टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटापासून करायची. 2005 च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यातही संस्थेचे संचालक वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागांतून सारखे घ्यायचे असं आहे. तुझ्या बैठकीत मात्र पहिल्यांदा साहेबांचा पडदा लागतो. रात्रपाळीचा माणूस, पॅकिंगच्या मुली, ज्यांच्यापर्यंत प्रत्येक उशीर येऊन साचतो, ती माणसं कुठे बसतात? मागे, दाराजवळ. त्यांना पहिलं बोलू दे. बाकीचे आपोआप खरं बोलतील.

खरं सांगायचं तर काळजी तुझी एकटीची नाही वाटत. इकडे द्राक्षवाल्यांनी शेततळी केली. प्लास्टिक अंथरलं, पाणी साठवलं, बाग निर्धास्त. मी कोणाला दोष देत नाही, उन्हाळ्यात बाग जळताना पाहिलेला माणूस दुसरं काय करणार. पण ज्याचं तळं भरलेलं, त्याला बैठकीला यायची निकड उरत नाही. आणि ज्याला तळं झेपत नाही, त्याची तूट मग कोणासमोर वाचायची? तुमच्यातही असे दोघेतिघे असतील, ज्यांची कामं ऑर्डरी असोत-नसोत चालूच राहतात. बैठक टाकायला पहिला होकार त्यांचाच आला असेल. आला होता का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि तुझी अर्धशिशी पुन्हा उठली आहे, हे तू काकूपासून लपवलंस, माझ्यापासून नाही. रात्री साडेनऊला अंबडच्या कारखान्यातून गाडी काढायची, उड्डाणपुलावर डोकं धरून बसायचं, हे चालणार नाही. सगळी तूट एकटीनं पोटात घेतेस म्हणून हे होतंय, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर वेगळं सांगतील, त्यांचंही ऐक.

या महिन्यातच बैठक लाव. तक्ता नको, एक पान पुरे: हातात काय आहे, मागणी किती, कमी किती पडतंय. कोण काय बोललं ते मला सविस्तर लिही. कोजागरीला येशील तेव्हा रिकामा डबा आण, काकूनं चिवडा जास्तीचा केलाय.

तुझा,
नाना