ताज्या कोंबडीचा हट्ट

संपादकांना हवे होते घरच्या घरी करता येतील असे चिकनचे दहा चमचमीत प्रकार. मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात मांसविज्ञान शिकवत होते. पाककृती लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणी माझ्यापेक्षा सरस स्वयंपाक करतात. मला म्हणायचंय ते एवढंच, की कोंबडीची निम्मी चव मसाला पडायच्या आधीच ठरलेली असते आणि त्या आधीच्या तासांबद्दल कुणी लिहीत नाही. ‘‘चालेल, पण शास्त्र फार नको,’’ असं संपादक म्हणाले. बघू.

यंदाच्या गटारीला आमच्या सोसायटीत टिक्क्यांचा बेत होता. मंडळींनी डोळ्यांदेखत कोंबड्या कापून घेतल्या, तिथल्या तिथे छातीचं मांस हाडावरून सोडवून घेतलं आणि तासाभरात ते निखाऱ्यांवर चढवलं. टिक्के चिवट झाले. दुकानदाराने जून माल गळ्यात मारला असं ठरवून त्याचे पैसे अडवले आणि निवाड्याला मला बोलावलं. कोंबड्या कोवळ्याच होत्या, चुकली ती तुमची घाई, असं मी सांगितलं. ते कुणालाच रुचलं नाही. बिचाऱ्याला शेवटी अर्धेच पैसे मिळाले, हे मला अजून खटकतं.

झालं होतं ते असं. स्नायूमध्ये अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरतात आणि सुटतात. सुटायला एटीपी नावाचं इंधन लागतं. पक्षी मेला की इंधन संपतं आणि धागे अडकून बसतात. हा मरणोत्तर ताठरपणा. कोंबडीत तो साधारण तासाभरात येतो आणि चार-सहा तासांत ओसरू लागतो. मांस हाडाला धरून असेल तर त्याला आखडायला फारसा वाव नसतो. अंगातली ऊब असतानाच ते हाडावरून सोडवलं, तर खुशाल आखडतं आणि तसंच शिजतं. म्हणून मोठ्या कारखान्यांत पक्षी अख्खा थंड करतात, काही तास ठेवतात आणि मगच छाती सोडवतात. (शेळी-मेंढीत याच्या उलटाही घोटाळा होतो, फार लवकर फार थंड केलं तर मांस आखडतं, पण ते राहू दे, शब्द दिला आहे.)

आपल्याकडे मात्र थंड म्हणजे शिळं. या समजुतीशी भांडण्यात माझी नोकरी सरली. तरी गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. जिवंत पक्षी पाहिला तर आजारी आहे का ते निदान कळतं, आणि दुकानातल्या फ्रिजची वीज रात्री किती वेळ गेली होती हे कोण सांगणार? तेव्हा कोंबडी डोळ्यांदेखत जरूर घ्या, पण शक्यतो अख्खी घ्या. घरच्या फ्रिजमध्ये पाच-सहा तास ठेवा आणि मग कापा. दुकानातूनच तुकडे करून आणले असतील तरीही ठेवा. फायदा कमी होईल, पण होईल.

आता मुरवण्याबद्दल. मांसात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असतं. लसूण, मिरची, गरम मसाला यांचा स्वाद बहुतेक तेलात विरघळणारा, त्यामुळे रात्रभर ठेवलं तरी तो वरच्या काही मिलिमीटरांतच घुटमळतो. मीठ मात्र आत पोचतं, मायोसिन सैल करतं आणि शिजताना पाणी धरून ठेवतं. किलोला दहा-बारा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे मीठ नुसतं चोळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आलं-लसूण, दही शेवटच्या तासात लावलं तरी चालतं. कच्च्या पपईच्या वाटेला जाऊ नका. तिने वरचा थर गिळगिळीत होतो आणि आतलं आहे तसंच राहतं.

कोंबडीची कोंबडीपणाची चव मुख्यतः चरबीत असते. लिनोलिक आम्ल तापून मोडतं, त्यातून डेकाडायईनाल तयार होतं (नाव विसरा, वास ओळखीचा आहे). ही चरबी सालीखाली असते. आपण साल सोलून टाकायला सांगतो आणि वर ब्रॉयलरला चव नाही म्हणून रडतो. साल मागून घ्या, बारीक चिरा, कढईत मंद आचेवर तिचं तेल सुटू द्या आणि त्याच तेलात कांदा परता. माझ्याकडून एकच कृती हवी असेल तर ती ही.

व्याख्यान कुठलंही असो, नंतर प्रश्न ठरलेला: ‘‘मॅडम, हार्मोनचं इंजेक्शन देतात ना?’’ नाही देत. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालच्या वाणांचे पक्षी एकच खाद्य देऊन वाढवले आणि 2014 मध्ये निष्कर्ष छापले. 56 दिवसांत वजनं भरली 905 ग्रॅम, 1,808 ग्रॅम आणि 4,202 ग्रॅम. ही करामत निवडीची, सुईची नाही. काळजी करायचीच तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन जनावरांना द्यायला आपल्या सरकारने 2019 मध्ये बंदी घातली ती उगाच नव्हे. पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. एक मात्र कबूल, सहा आठवड्यांच्या पक्ष्यात गावठीची चव येत नाही. मी आयुष्यभर ब्रॉयलरची बाजू मांडली, पण कोकणात गेले की ताटात गावठीचाच रस्सा लागतो.

गावठीचं कोलॅजन घट्ट विणलेलं असतं. ते तासभर शिजून विरघळतं तेव्हा रश्श्याला अंग येतं. कोल्हापूरकर आधी मीठ-हळदीत मांस शिजवून अळणी काढतात, त्यातच सगळं येतं. त्या अळणीत नारळाचं दूध आणि तीळ-खसखस-काजूचं वाटण घातलं की पांढरा रस्सा. दूध घातल्यावर खळखळून उकळू नका, फुटतं. ब्रॉयलर असेल तर तंगड्या आधी टाका, छातीचे तुकडे शेवटच्या दहा मिनिटांत. छातीला आतून 74 अंश सेल्सिअस पुरेत, तंगडीला 80 च्या पुढेच चव येते.

कांदा-खोबऱ्याचं वाटण ‘तेल सुटेपर्यंत’ परता म्हणतात, त्यालाही कारण आहे. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान 100 च्या वर फारसं सरकत नाही. ते आटलं की वाटण तांबूस होतं, खमंगपणा येतो आणि मिरचीचा रंग नि तिखटपणा तेलात उतरतो. कट म्हणतात तो हाच. इथे घाई केली तर पुढे किती का मसाला ओता.

हे सारं ऐकल्यावर बायका मला एकच अडचण सांगतात आणि तिच्यावर माझ्याकडे तोड नाही. रविवारच्या चिकनला रात्रभर मीठ लावायचं तर ते शनिवारीच आणावं लागतं, आणि शनिवार मारुतीचा. सासूबाई फ्रिजमध्ये ठेवू देत नाहीत. मग रविवारी सकाळी आठलाच आणा आणि रात्री करा, असं मी सुचवते. तर म्हणे दुपारी भाकरी कशाबरोबर खायची?