जुना अंदाज

माझा उर्दू-मराठी शब्दसंग्रह आता वहीतून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये गेला आहे. रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर पायथनच्या स्क्रिप्टने 40 हजार शब्द एकदम भरले. लगेच त्याच स्क्रिप्टने अरबी मुळाचे शब्द उदाहरणांसह मागितले. चहा गार झाला तरी उत्तर येईना.

‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून पाहिलं. डेटाबेसचा अंदाज 12 ओळींचा, प्रत्यक्षात निघाल्या 9 हजार. 12 ओळींसाठी एकेक करून शोधणं परवडतं, 9 हजारांसाठी नाही. डेटाबेस प्रत्येक वेळी सगळं मोजत नाही. आधी घेतलेल्या नमुन्यावरून रस्ता ठरवतो. साधारण 10 टक्के ओळी बदलल्या की नवा नमुना आपणहून घेतो, पण थोड्या वेळाने. माझी स्क्रिप्ट तेवढी थांबलीच नव्हती. शब्द भरून झाल्यावर ‘अ‍ॅनालाइझ’ ही एक ओळ कोडमध्ये घातली आणि उत्तर क्षणात आलं.

तेव्हा वर्गातली एक मुलगी आठवली. जूनच्या चाचणीवरून मी तिला मराठीत कच्ची धरलं होतं. ‘उर्दू शाळेतली मुलं मराठीत कच्चीच’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि मी स्वतः तेच केलं होतं. दिवाळीनंतर तिची वही उघडली, तर निबंध स्वच्छ, सरळ मराठीत. तोवर तिला वाचायला एकदाही उभं केलं नव्हतं.

“सर, तुम्ही विचारलंच नाही,” ती म्हणाली.

आता दर महिन्याला सगळ्यांच्या वह्या नव्याने पाहतो.