गोळी फुकट, खाडा माझा

चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर मी कंत्राटी कामगार आहे. फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरची खिडकी बंद व्हायला आलेली असते, म्हणून गोळ्यांच्या दिवशी खाडा ठरलेला. रोज बुडतो, हजेरी बोनसही जातो. सुपरवायझरला शुगरची तपासणी सांगते. एचआयव्हीवरून कुणाला कामावरून काढता येत नाही, असा कायदा 2018पासून लागू आहे. पण कंत्राटदाराला काढायला कारण लागतंच कुठे?

आमच्या ह्यांच्या वेळी वाटप पेशींवर चालायचं. सरकारनं 2004मध्ये औषध मोफत केलं खरं, पण सीडी4 पेशींचा आकडा दोनशेच्या खाली उतरेपर्यंत बहुतेकांना थांबावं लागे. पैसा कमी, म्हणून जो जास्त खचलेला त्याला आधी. 2017पासून तपासणीत निघालं की लगेच गोळ्या. मला वाटलं, मोजणं संपलं.

2022च्या पावसाळ्यात ते परत आलं, या वेळी दिवसांवर. फार्मासिस्ट बाटली फोडून आठवड्यापुरत्या गोळ्या कागदी पाकिटात द्यायचा. “ताई, स्टॉक आला की पूर्ण देतो.” त्याच्या हातात काही नव्हतं. केंद्राची खरेदी रखडली होती आणि दिल्लीत आमच्यासारखीच माणसं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या दारात धरणं धरून बसली होती. महिन्याचा एक खाडा होता, तो आठवड्याला आला.

माझी बस भोसरीवरून जाते. एचआयव्हीची औषधं बनवणाऱ्या एमक्युअरची इमारत तिथंच, आयसीएमआरची एड्स संशोधन संस्थाही तिथंच. खिडकीतून पाट्या दिसल्या की चिडचिड व्हायची.

औषधांच्या भावाचा हिशेब मला काउन्सेलरनं सांगितला. 2001मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी वर्षाला 350 डॉलरचा भाव दिला, तेव्हा परदेशी कंपन्या दहा हजारांवर घेत होत्या. 2023मध्ये ग्लोबल फंडानं तीन औषधांच्या एका गोळीचा वर्षाचा भाव 45 डॉलरखाली आणला. म्हणजे त्या भावानं महिन्याच्या गोळ्या तीनशे-सव्वातीनशे रुपयांच्या. माझा एक खाडा त्याहून महाग पडतो, आणि तो कुठल्याच निविदेत धरलेला नसतो.

आता स्टॉक बरा आहे. आठवड्यातून एक दिवस तरी खिडकी रात्री आठपर्यंत उघडी ठेवा, असा अर्ज मी दिलाय. काउन्सेलर म्हणाली, “वर पाठवते ताई, पण आठपर्यंत बसायचं कुणी?” तीही कंत्राटीच आहे.